टू-फोटॉन डाय खरंच कामाचा आहे का? बाटलीपासून पेशीपर्यंतची तपासणी

डाय (चमकणारा रंगरेणू) तयार झाला, एनएमआर (रेणूची रचना तपासणारी चाचणी) स्वच्छ आला, यूव्ही दिव्याखाली बाटली छान हिरवी चमकली, की ग्रुप मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच: याला टू-फोटॉनवर बघायचं का, म्हणजे दोन फोटॉन एकदम शोषूनही तो चमकतो का? हा लेख त्या प्रश्नानंतर काय करायचं त्याबद्दल आहे. ज्यांनी रेणू स्वतः बनवलाय, फ्लुरोमीटर (चमक मोजणारं यंत्र) सवयीचा आहे, पण अतिसूक्ष्म स्पंद सोडणाऱ्या फेमटोसेकंद लेझरसमोर पहिल्यांदाच उभं राहायचंय, अशा एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शोधनिबंधाच्या सारांशात छापलेल्या जीएमच्या (दोन फोटॉन शोषण्याच्या क्षमतेचं एकक) मोठ्या आकड्यावर भाळू नका. तो आकडा बऱ्याचदा टोल्युइन किंवा क्लोरोफॉर्मसारख्या सेंद्रिय द्रावकात मोजलेला असतो, आणि पेशी टोल्युइनमध्ये जगत नाहीत. डाय पाण्यात किती चमकतो, तुमच्याकडे असलेल्या लेझरच्या तरंगलांबीवर किती शोषतो आणि प्रकाश पडत असताना किती वेळ टिकतो, हे तीन प्रश्न सुटले तर उरलेलं सगळं जमतं.

थोडी पार्श्वभूमी

एकाच क्षणी दोन फोटॉन शोषून रेणू उत्तेजित होऊ शकतो, हे मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये छापलेल्या ग्योटिंगेनच्या आपल्या पीएचडी प्रबंधात गणिताने दाखवलं. प्रयोग करायला तेव्हा पुरेसा प्रखर प्रकाशच नव्हता. लेझर आल्यावर १९६१ मध्ये बेल लॅब्समध्ये कायझर आणि गॅरेट यांनी रूबी लेझरचा ६९४ नॅनोमीटरचा लाल प्रकाश युरोपियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकावर टाकला आणि निळं उत्सर्जन पाहिलं. १९९० मध्ये कॉर्नेलमध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी हीच प्रक्रिया मायक्रोस्कोपमध्ये वापरली, आणि तिथून जीवशास्त्राचा संबंध सुरू झाला. शोषणक्षमतेचं एकक, जीएम, ग्योपर्ट-मायर यांच्याच नावाचं आहे: १ जीएम म्हणजे १० च्या उणे ५० व्या घाताइतके सेंटीमीटर-चतुर्थ-सेकंद, दर फोटॉनमागे. (त्यांना १९६३ चं नोबेल मिळालं ते मात्र अणुकेंद्राच्या कवच-रचनेसाठी.)

आपल्या मुंबईशीही या विषयाचं जुनं नातं आहे. १९९७ मध्ये कॉर्नेलच्या ज्या गटाने तीन फोटॉन वापरून जिवंत पेशीतलं सेरोटोनिन बघितलं, त्यातले सुदीप्त मैती पुढे टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आले. विशेष म्हणजे त्या कामात बाहेरचा डाय नव्हताच, सेरोटोनिन स्वतःच चमकत होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? ७०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश निळ्या-हिरव्यापेक्षा ऊतींमध्ये कमी विखुरतो आणि हिमोग्लोबिन तो फारसा गिळत नाही, म्हणून खोल जातो. शिवाय दोन फोटॉनचं शोषण तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात होतं. त्यामुळे डाय उत्तेजित होतो तो फक्त फोकसच्या ठिपक्यात. वरच्या आणि खालच्या थरांतून प्रकाश जातो, पण तिथे जवळपास काहीच घडत नाही. प्रतिमेसाठी याचा अर्थ स्वच्छ पार्श्वभूमी, आणि उपचारासाठी याचा अर्थ नेमकी जागा.

लेझरआधी कागदावर

रेणूच्या रचनेकडे बघा. इलेक्ट्रॉन देणारा गट, लांब संयुग्मित साखळी आणि इलेक्ट्रॉन ओढणारा गट, हा साधा द्विध्रुवी नमुना. दोन्ही टोकांना देणारे गट ठेवून रेणू सममित केला तर शोषण पुष्कळ वाढतं. १९९८ मध्ये बिस-स्टायरिलबेन्झीनच्या मालिकेवर झालेल्या कामाने हे नीट दाखवून दिलं, आणि गेल्या पाव शतकातले बरेचसे टू-फोटॉन डाय त्याच वाटेने आलेत.

इथे एक सापळा आहे. पुष्कळ जण वन-फोटॉन शोषणाचं शिखर बघतात, त्याची दुप्पट करतात आणि लेझर तिथे लावतात. अॅसिडॅनसारख्या द्विध्रुवी डायसाठी हा अंदाज साधारण चालतो. त्याचं शिखर ३६० च्या आसपास येतं आणि कोरियातल्या गटांनी त्यावरून बनवलेले प्रोब (पेशीतला एखादा घटक दाखवणारे डाय) ७५० ते ७८० वर छान दिसतात. पण केंद्र-सममित रेणूत (मध्यबिंदूभोवती दोन्ही बाजू सारख्या असलेल्या) ज्या पातळीवर एक फोटॉन नेतो तिथे दोन फोटॉनना मज्जाव असतो, निवडनियमच तसा आहे. त्यांचं टू-फोटॉन शिखर दुप्पट तरंगलांबीच्या बरंच अलीकडे सरकतं. फ्लुरोसीन केंद्र-सममित नाही, तरी त्यातही असंच दिसतं: वन-फोटॉन शिखर ४९० वर, म्हणजे दुप्पट ९८०, पण प्रत्यक्षात ते ७८०-८०० च्या भागात जास्त चांगलं शोषतं. तेव्हा एका तरंगलांबीवर मोजून 'डाय वाईट' असा शिक्का मारू नका. लेझर फिरवता येत असेल तर निदान दर २० नॅनोमीटरवर एक बिंदू घ्या.

पाण्याचा विचारही इथेच करा. लांब, सपाट, तेलकट रेणू पाण्यात एकमेकांना चिकटतात आणि विझतात. सल्फोनेट किंवा पेगची (पाण्यात विरघळणारी) शेपटी लावणं हा एक उपाय. प्लुरॉनिक या पॉलिमरच्या मिसेलमध्ये (सूक्ष्म गोळ्यांत) कोंडणं हा दुसरा. तिसरा म्हणजे चिकटल्यावरच चमकणारे रेणू, टेट्राफिनाइलइथिलीनच्या घराण्यातले. बेन झोंग टँग यांच्या हाँगकाँगमधल्या गटाने २००१ मध्ये ही उलटी तऱ्हा पुढे आणली. या डायचे नॅनोकण रक्तवाहिन्या बघायला उत्तम. पेशीतल्या एखाद्या आयनाचा माग काढायचा असेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही.

साध्या फ्लुरोमीटरवरचं काम

फेमटोसेकंद लेझरचा स्लॉट मिळायला वेळ लागतो, म्हणून जे इथे होऊ शकतं ते इथेच उरकून घ्या. शोषण, उत्सर्जन, क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी किती हिस्सा प्रकाश म्हणून परत येतो ते). आणि हे तीनही दोन द्रावणांत: तुमच्या आवडत्या सॉल्व्हंटमध्ये एकदा, आणि फॉस्फेट बफरमध्ये किंवा सीरम मिसळलेल्या माध्यमात एकदा. दुसरं मोजमाप टाळायचा मोह होतो, कारण आकडा पडतो. पडू दे. तो आजच कळलेला बरा.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात. डायचं गडद द्रावण करा, मिलिमोलरच्या आसपास, आणि ७०० ते १००० नॅनोमीटरमध्ये शोषण मोजा. तिथे रेष सपाट शून्यावर हवी. शोषणाची शेपूट लेझरच्या तरंगलांबीपर्यंत पोचत असेल तर थोडा डाय एकेका फोटॉननेच उत्तेजित होईल, आणि पुढची सगळी रीडिंग गढूळ होतील. सायनीन जातीच्या, दूरच्या लालमध्ये चमकणाऱ्या डायमध्ये हे हटकून होतं.

लेझरवर: जीएम मोजणं

आधी डोळे. ८०० नॅनोमीटरचा झोत डोळ्याला फिक्कट लाल ठिपक्यासारखा दिसतो, ९०० च्या पुढे दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो झोत थेट नेत्रपटलावर गोळा करतं. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा घाला, घड्याळ-अंगठी-बांगड्या काढून ठेवा, आणि झोत ज्या उंचीवर आहे तिथे डोकं कधीही नेऊ नका. खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना डोळे मिटून वाका. हे सगळं नवख्यांना अति वाटतं, पण त्याला पर्याय नाही.

या लेझरची ताकद कुठे असते तेही बघा. ठरावीक टायटेनियम-सफायर लेझर सेकंदाला ८ कोटी स्पंद सोडतो, प्रत्येक १०० फेमटोसेकंदांचा. हिशेब केला तर एका सेकंदात प्रकाश खरोखर चालू असतो तो जेमतेम ८ मायक्रोसेकंद. सरासरी १ वॉट असेल तर स्पंदाच्या माथ्यावरची शक्ती सव्वाशे किलोवॉट. दोन फोटॉन एकाच वेळी एकाच रेणूवर पडायला हीच गर्दी लागते.

मोजायची सर्वात सोपी पद्धत तुलनेची: ओळखीचा संदर्भ डाय आणि तुमचा डाय एकाच मांडणीत ठेवून दोघांची चमक मोजायची. ८०० च्या भागात पीएच ११ किंवा त्याहून वर ठेवलेलं फ्लुरोसीन चांगलं, सुमारे ३६ जीएम, क्वांटम यील्ड ०.९ च्या आसपास. मिथेनॉलमधलं रोडामिन बी ८४० च्या आसपास २०० जीएमच्या घरात जातं. ज्याचं उत्सर्जन तुमच्या डायच्या जवळपास असेल तो संदर्भ घ्या, म्हणजे डिटेक्टरची रंगानुसार बदलणारी संवेदनशीलता फार त्रास देत नाही. आणि पीएच खरंच मोजा. पीएच ७ च्या फ्लुरोसीनला पीएच ११ चा आकडा लावला तर चूक शेवटपर्यंत सोबत येते.

क्यूव्हेट लावताना झोताचा फोकस काचेच्या मध्यात नको, डिटेक्टरकडच्या भिंतीजवळ आणा. नाहीतर बाहेर येणारा प्रकाश वाटेतच डाय स्वतः पिऊन टाकतो आणि उत्सर्जनाचा पट्टा लालकडे सरकलेला दिसतो. डिटेक्टरपुढे लेझर अडवणारा शॉर्टपास फिल्टर हवाच. नुसत्या सॉल्व्हंटचं रीडिंग घ्या आणि वजा करा. मग क्रम असा ठेवा: संदर्भ, नमुना, पुन्हा संदर्भ. दोन संदर्भ जुळले नाहीत तर लेझर सरकलाय, मधलं रीडिंग बाद.

यानंतर सगळ्यात महत्त्वाची चाचणी. शक्ती बदलत जा: समजा २, ४, ८ मिलिवॉट, नमुन्यापाशी मोजलेली. शक्ती दुप्पट झाली की चमक चौपट झाली पाहिजे. लॉग-लॉग आलेखात उतार २ हवा. १.९ ते २.१ चालेल. १.६ आला तर थांबा आणि कारण शोधा. डाय संपृक्त होतोय का (शक्ती कमी करून बघा), जळतोय का (उतरत्या शक्तीने पुन्हा मोजा, वक्र तोच यायला हवा), मघाची शोषणाची शेपूट नडतेय का, की पार्श्वभूमी पुरेशी वजा झाली नाही? उतार २ च्या वर गेला तर उलट, पार्श्वभूमी जास्त वजा झाल्याची शंका घ्या. उतार न दाखवता छापलेला जीएमचा आकडा मी तरी खरा धरत नाही.

आता आकडेमोड. समजा संदर्भ फ्लुरोसीन १० मायक्रोमोलर, तुमचा डाय २० मायक्रोमोलर, आणि तुमच्या डायची एकूण चमक तिप्पट आली. तुमच्या डायचं क्वांटम यील्ड ०.३. मग ३६ गुणिले ३, सांद्रतेसाठी अर्ध, आणि क्वांटम यील्डच्या गुणोत्तरासाठी ०.९ भागिले ०.३, म्हणजे ३ पट. उत्तर १६२ जीएम. सॉल्व्हंट वेगळे असतील तर अपवर्तनांकाची दुरुस्तीही करावी लागते.

१६२ हा आकडा निबंधात उठून दिसेल. पण मायक्रोस्कोपला दिसते ती चमक, म्हणजे जीएम गुणिले क्वांटम यील्ड. ती झाली ४९ च्या आसपास, फ्लुरोसीनची ३२. म्हणजे साडेचार पट शोषूनही डाय दिसायला जेमतेम दीडपट. आता बफरमधलं क्वांटम यील्ड ०.०२ वर पडलं असं धरा. शोषण तेवढंच राहिलं तरी चमक ३ वर येते, फ्लुरोसीनच्या दहाव्या हिश्श्यावर. म्हणून दोन्ही द्रावणांतलं क्वांटम यील्ड आधीच मोजायला सांगितलं.

पेशींमध्ये

डायचा साठा डीएमएसओ या द्रावकात करा, पण पेशींवर जाणारं डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवा. डाय घातल्यावर माध्यम गढूळ झालं का ते बघा. गढूळ म्हणजे डाय खाली बसतोय, पेशीत जात नाहीये.

पहिली प्रतिमा डाय न घातलेल्या पेशींची घ्या, त्याच शक्तीवर, त्याच गेनवर. पेशी स्वतःही चमकतात. एनएडीएच (पेशीच्या चयापचयातला रेणू) ७४० च्या आसपास उत्तेजित होऊन निळं देतं. तुमचा डाय ७४० वरच चालत असेल आणि निळाच असेल, तर चमक नेमकी कुणाची हे सांगणं अवघड. ऊतीच्या कापांमध्ये कोलॅजनची भर पडते. ते दुसरा हार्मोनिक (लेझरच्या दुप्पट वारंवारतेचा प्रकाश) देतं, बरोबर अर्ध्या तरंगलांबीवर: ८०० ला ४००, ८६० ला ४३०. ओळखायची युक्ती सोपी आहे. लेझर २० नॅनोमीटर हलवा. संकेत १० ने हलला तर तो हार्मोनिक, जागेवर राहिला तर फ्लुरेसन्स.

प्रतिमा अंधुक असेल तर आधी शक्ती वाढवू नका. मायक्रोस्कोपमधल्या काचा स्पंद पसरवतात. ५००० फेमटोसेकंद-वर्ग एवढं विक्षेपण (वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश मागेपुढे होणं) असेल तर १०० फेमटोसेकंदांचा स्पंद १७० च्या पुढे जातो, आणि चमक त्याच प्रमाणात घटते. ज्या यंत्रात आधी-दुरुस्तीची सोय आहे तिथे ती त्या तरंगलांबीसाठी लावली आहे का, हे सुविधा सांभाळणाऱ्या माणसाला विचारा. शिवाय विखुरलेला प्रकाश गोळा करायला स्कॅनरकडे परत न जाणारा, ऑब्जेक्टिव्हच्या लगेच मागचा डिटेक्टर वापरा. पिनहोलमधून (बारीक छिद्रातून) टू-फोटॉन बघणं म्हणजे महाग लेझर लावून कमाई फेकून देणं.

शक्ती वाढवण्यात आणखी एक तोटा आहे. चमक शक्तीच्या वर्गाने वाढते, पण डाय जळण्याचा वेग बऱ्याचदा तिसऱ्या घाताने किंवा त्याहून जोरात वाढतो. म्हणून त्याच जागेवर सलग चौकटी घ्या आणि चमक किती चौकटींत अर्ध्यावर येते ते नोंदवा, संदर्भ डायसकट. डाय निवडताना मला जीएमपेक्षा हा आकडा जास्त उपयोगी पडतो.

दोन फोटॉनने काही शे मायक्रॉन ते साधारण मिलिमीटरभर खोल जाता येतं. त्यापुढे जायचं तर तीन फोटॉन, १३०० किंवा १७०० नॅनोमीटर. मधल्या १४५० वर पाणीच प्रकाश पितं, म्हणून दोन वेगळ्या खिडक्या. कॉर्नेलच्याच ख्रिस शू यांच्या गटाने २०१३ मध्ये १७०० वर उंदराच्या मेंदूत खोलवर बघून दाखवलं. त्यासाठीचा लेझर मात्र वेगळा लागतो.

उपचारासाठी डाय

इथे अपेक्षा बदलते. प्रतिमेच्या डायने घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत द्यावी. उपचाराच्या डायने ती ट्रिप्लेट (जास्त वेळ टिकणाऱ्या उत्तेजित) अवस्थेतून ऑक्सिजनला द्यावी आणि सिंग्लेट ऑक्सिजन (पेशी मारणारा उत्तेजित ऑक्सिजन) तयार करावा. एकाच रेणूने दोन्ही शंभर टक्के करणं शक्य नाही, बेरीज एकाच्या वर जात नाही. ब्रोमीन-आयोडीन लावलं की ट्रिप्लेटकडे झुकतो, चमक उतरते. 'बघतो पण आणि मारतो पण' अशी जाहिरात दिसली की दोन्ही यील्ड शेजारी ठेवून वाचा.

दवाखान्यात आज जे वापरात आहेत ते वन-फोटॉनचे डाय. फोटोफ्रिन ६३० नॅनोमीटरवर, व्हर्टेपॉर्फिन ६८९ वर. अमेरिकेत दुसऱ्याला २००० मध्ये डोळ्याच्या आजारासाठी मान्यता मिळाली. फोटोफ्रिनचं टू-फोटॉन शोषण जेमतेम दहा जीएमच्या आसपास असल्यामुळे तो तसाच उचलून इथे चालत नाही. २००८ मध्ये ऑक्सफर्डचे हॅरी अँडरसन आणि टोरंटोचे ब्रायन विल्सन यांच्या गटांनी खास दोन फोटॉनसाठी जोडलेले पॉर्फिरिनचे जुळे रेणू वापरून जिवंत उंदराच्या एकेका रक्तवाहिनीला बंद करून दाखवलं. या क्षेत्रातला माझा सर्वात आवडता प्रयोग तोच, कारण त्यात जागा नेमकी निवडली होती.

सिंग्लेट ऑक्सिजन मोजायला त्याला पकडणारे रेणू, म्हणजे सापळे, वापरतात: सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये डीपीबीएफ (४१० चं शोषण उतरतं) आणि पाण्यात एबीडीए (३८० चं). तुमचा प्रकाश या सापळ्यांनी स्वतः शोषता कामा नये, आणि डायविना ठेवलेला सापळा किती उतरतो तेही मोजा, कारण डीपीबीएफ प्रकाशात आपणहून खराब होतं. संदर्भ म्हणून पाण्यात मिथिलीन ब्लू, यील्ड ०.५२. मग खातरजमा: सिंग्लेट ऑक्सिजन विझवणारं सोडियम अॅझाइड घातल्यावर परिणाम कमी व्हायला हवा, जड पाण्यात वाढायला हवा, कारण तिथे सिंग्लेट ऑक्सिजन साध्या पाण्यापेक्षा सुमारे २० पट जास्त जगतो.

पेशींवर चार गट ठेवा: काहीच नाही, फक्त डाय अंधारात, फक्त लेझर, आणि दोन्ही. तिसरा गट टाळला तर प्रयोगाला अर्थ नाही. फेमटोसेकंद लेझर डायशिवायही पेशी भाजू शकतो, आणि मग मेलेल्या पेशींचं श्रेय फुकट डायला जातं.

शेवटी आकाराचा हिशेब, जो प्रस्तावांत क्वचित दिसतो. एक घन सेंटीमीटरची गाठ टू-फोटॉनने संपूर्ण स्कॅन करायची आहे असं धरा. एका चौकटीत अर्धा मिलिमीटर बाजूचा चौरस मावतो, म्हणजे पृष्ठभागावर ४०० चौकटी. दर २ मायक्रॉनवर एक थर घेतला तर ५००० थर. एकूण २० लाख चौकटी. एकीला एक सेकंद दिला तरी २३ दिवस. त्यातही प्रकाश सेंटीमीटरभर खोल पोचत नाही ते वेगळंच. म्हणून उपचाराचा प्रस्ताव लिहिताना गाठ लिहू नका. नेत्रपटलामागच्या नको तिथे वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या किंवा प्रतिमेत दिसणारी एकेक वाहिनी, असं छोटं आणि दिसणारं लक्ष्य लिहा. सोबत चौकटीचा आकार, थरांमधलं अंतर, नमुन्यापाशी मोजलेली शक्ती, स्पंदाची लांबी आणि एकूण वेळ द्या. हे पाच आकडे नसले तर तुमचा प्रयोग दुसऱ्या लॅबला पुन्हा करताच येणार नाही.